मेंदूची गोळी, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि रात्रीचा अंधार : द्राक्षबागेत फवारणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर छाटणी उरकली की तासगाव-कवठेमहांकाळ भागातल्या मेडिकल दुकानांत डोकेदुखी-मळमळीच्या गोळ्यांचा खप वाढतो. हे जुनंच. अलीकडे मोबाईल पुढे करून विचारणारं गिऱ्हाईक वाढलंय : "ही मेंदूच्या पेशी वाचवणारी गोळी हाय न्हवं?" व्हिडिओतली गोळी बहुतेक वेळा मेलाटोनिनची, म्हणजे झोपेच्या संप्रेरकाची (हार्मोनची) असते.

मागच्या कार्तिकात शेजारच्या मळ्यातले तात्या असेच आले. ब्लोअर सोडून थेट दुकानात. शर्टावर मोरचुदाचे निळे ठिपके, नखांच्या कडा हिरवट, आणि डाव्या तळव्यावर तंबाखू मळणं चालू. म्हणाले, "फवारणीचा असर डोक्यावर व्हायला नको, म्हणून रोज एक घ्यावी म्हणतो." मी गोळी दिली नाही. आधी साबण दिला आणि दुकानामागचा नळ दाखवला. तात्यांना राग आला. त्या रागाचं सविस्तर उत्तर म्हणून हे लिहितोय. माझं औषधाचं दुकान आहे आणि घरी दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षं, त्यामुळे गोळी आणि फवारणी या दोन्हींशी रोजचा संबंध.

हे संप्रेरक आहे तरी काय

मेंदूच्या मधोमध तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी पिनियल ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन सोडायला लागते, मध्यरात्रीनंतर त्याची पातळी सगळ्यांत वर जाते आणि उजाडता उजाडता खाली येते. १९५८ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या अ‍ॅरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने ते गाईबैलांच्या पिनियल ग्रंथींतून वेगळं काढलं. त्याला त्वचेच्या रंगावरचं काहीतरी हवं होतं, सापडलं झोपेचं. पुढे १९९३ मध्ये रसेल रायटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा रेणू हायड्रॉक्सिल नावाच्या सगळ्यांत आडमुठ्या फ्री रॅडिकलला, म्हणजे पेशींची नासधूस करणाऱ्या अस्थिर कणाला, थेट गाठून निकामी करतो. तेव्हापासून त्याला अँटिऑक्सिडंट, म्हणजे असे कण विझवणारं, हार्मोन हे नाव चिकटलं.

मेंदूला याची गरज का, ते सरळ आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा साधारण २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्क्यांच्या आसपास. एवढं जळण जिथे जळतं तिथे फ्री रॅडिकलच्या ठिणग्याही उडणारच. त्यात मेंदूच्या पेशींची आवरणं लवकर खवट होणाऱ्या चरबीची, आणि मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येणं जवळजवळ नाहीच. मेलाटोनिन पाण्यात आणि चरबीत दोन्हीकडे शिरतं, रक्तातून मेंदूत सहज जातं, आणि एका ठिणगीवर खर्ची पडल्यावर त्यातून तयार होणारे पदार्थही पुढच्या ठिणग्या विझवतात. गुण खरे आहेत. म्हणूनच जाहिरातवाल्यांचं फावतं.

विष मेंदूत काय करतं

आपण त्याला 'औषध' म्हणतो. औषध मारलं, औषध संपलं, औषधाचं बिल थकलं. या शब्दाने आपला निम्मा घात केलाय.

कीटकनाशकांतला ऑर्गेनोफॉस्फेट गट, म्हणजे क्लोरपायरीफॉससारखी औषधं, मज्जातंतूंमधला निरोप पोचल्यावर तो पुसून टाकणारं एन्झाइम बंद पाडतात. निरोप पुसला जात नाही, तंतू वाजतच राहतो. डावणी या बुरशीरोगावर आपण सर्रास मारतो त्या मॅन्कोझेबमध्ये मँगनीज असतं, आणि मँगनीज प्रमाणाबाहेर शरीरात गेलं तर मेंदूत हालचालींचं नियंत्रण असलेल्या भागात साठतं. पॅराक्वाट हे तणनाशक पेशीत शिरून फ्री रॅडिकल तयार करण्याचा कारखानाच उघडतं.

एक हकीकत सांगायला हवी. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अचानक लाकडासारखे ताठ होऊन दवाखान्यात आले. म्हाताऱ्यांच्या पार्किन्सनची (कंपवाताची) सगळी लक्षणं ऐन तारुण्यात. चोरून बनवलेल्या नशेच्या पदार्थात एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालेलं होतं. मेंदूत गेल्यावर त्याचं जे रूप होतं ते पेशीची वीज बनवणारी यंत्रणा बंद पाडतं, आणि त्या रूपाची रचना पॅराक्वाटच्या रचनेशी मिळतीजुळती आहे. तिथून शास्त्रज्ञांची नजर शेतीकडे वळली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांत पार्किन्सनचं प्रमाण सुमारे अडीचपट.

त्याच लोकांच्या माहितीवरून पुढे २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. निम्म्याहून अधिक वेळा हातमोजे घालणाऱ्यांत पॅराक्वाटचा हा संबंध दिसला नाही. न घालणाऱ्यांत किंवा कधीमधी घालणाऱ्यांत तो ठळक होता. या अभ्यासाबद्दल मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितलेलं नाही.

पहिली पायरी : हात

म्हणून सुरुवात हातमोज्यांपासून. नायट्राइल रबराचे, जाडसर, कोपराजवळ पोचणारे आणि आतून कापडी अस्तर नसलेले घ्या. अस्तर औषध शोषून धरतं आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतं. कातड्याचे किंवा विणलेले मोजे तर नसलेले बरे. आम्ही दुकानात विकतो ते पातळ, एकदा वापरून टाकायचे मोजे पेस्टिंगला (छाटलेल्या काडीला औषध लावायला) किंवा बाटली ओतायला चालत नाहीत. तारेच्या टोकाला लागून फाटतात आणि कळतही नाही.

आता घालायची रीत. आपल्याकडे वेल डोक्यावर पसरवायची मांडव किंवा वाय पद्धत, त्यामुळे गन वर धरली की द्रावण मनगटावरून ओघळत कोपराकडे येतं. अशा वेळी बाही मोज्याच्या आत घाला आणि मोज्याची कड बाहेरच्या बाजूने दुमडा, म्हणजे पन्हाळीसारखी होते, ओघळ तिथे थांबतो. खाली तणावर मारताना उलट : मोजा बाहीच्या आत. पँट मात्र नेहमी गमबुटाच्या बाहेर. गमबुटात खोचलेली पँट ही औषध पायापर्यंत नेणारी नळी होते.

काढताना मोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग काढा, मग हात धुवा. आणि तंबाखू. मोजा काढून, हात न धुता चुना लावून मळलेली तंबाखू म्हणजे तळव्यावरचं सगळं थेट ओठात. सोडा म्हणत नाही, तो माझा आजचा विषय नाही, पण फवारणीच्या दिवशी डबी घरी ठेवून जा.

दुसरी पायरी : बाकीचं अंग

१९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पॅराथिऑन हे कीटकनाशक माणसाच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती आत जातं ते मोजलं होतं. कोपर ते मनगट एवढ्या हातातून जितकं जातं त्याच्या चौपट कपाळातून, सातपटीहून जास्त काखेतून, आणि जवळजवळ बारापट वृषणांच्या कातडीतून. आता आपला गडी कसा असतो ते डोळ्यांपुढे आणा : हाफ पँट, अंगावर जुना बनियन, पाठीवर गळका पंप आणि तो गळून मांड्यांपर्यंत ओला. लाजेपोटी हे कुणी बोलत नाही म्हणून इथे लिहिलं. गळका पंप दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. पँट ओली झाली तर तिथेच बदला, "राहिलंय दोनच ओळी" म्हणू नका.

तोंडाला बांधलेला ओला रुमाल वाफ अडवत नाही, उलट ओलावा धरून नाकापाशी ठेवतो. एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ नाही. रासायनिक वाफेसाठी कार्बनची डबी लावलेला अर्धा मास्क लागतो, त्यावर कणांची गाळणी असावी आणि वास यायला लागला की डबी बदलावी.

सगळ्यांत जास्त धोका फवारताना नसून मिसळताना असतो, कारण तेव्हा औषध दाट असतं. बॅरलमध्ये हात घालून ढवळणारी माणसं मी पाहिली आहेत. लांब काठी, डोळ्यांवर चष्मा, वाऱ्याकडे पाठ. लेबलावरचा त्रिकोण बघायला शिका : लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे सरबत नव्हे. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारताना २० हून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात होती. उंच वाढलेलं पीक, दमट हवा, मिसळलेली औषधं आणि उघडं अंग, असं सगळं तिथे जुळून आलं होतं. आपला मांडवही डोक्याच्या वरच असतो.

छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो, त्याबद्दल वेगळं. हे रसायन शरीरातलं दारू पचवणारं एन्झाइम अडवतं. पेस्टिंग करून संध्याकाळी एक घेतली तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास लागतो. आदल्या दिवसापासून निदान आठवडाभर दारू बंद. आणि पेस्टिंगला बहुतेक बायामाणसं असतात. त्यांना मोजे मालकाने द्यायचे असतात, त्यांनी घरून आणायचे नसतात.

मळ्यातच घर असेल तर ब्लोअर सुरू करायच्या आधी खिडक्या, पाण्याच्या टाकीचं झाकण आणि दोरीवरचे कपडे बघा. पोरांना जवळ घ्यायच्या आधी आंघोळ. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, आणि धुणारीच्याही हातात मोजे. औषधाचा साठा कुलपात, झोपायच्या खोलीत किंवा माळ्यावर नाही. रागाच्या, निराशेच्या एका क्षणी हाताशी बाटली नसणं हेही त्या कुलपाचं काम आहे.

तिसरी पायरी : अंधार

इथे मेलाटोनिन खरं कामाला येतं, तेही फुकट. अट एवढीच, रात्री अंधार हवा.

२०११ मधल्या एका अभ्यासात झोपण्याआधीच्या तासांत घरातला नेहमीचा दिवा चालू ठेवला, तर मेलाटोनिनचा रात्रीचा काळ सुमारे ९० मिनिटांनी आखडला. तीव्र प्रकाश लागत नाही, साधी ट्यूबही पुरते. त्यातही निळसर पांढरा प्रकाश जास्त दाबतो, आणि मोबाईल त्याच जातीचा.

शेतकऱ्याची अडचण वेगळीच. आठवड्याआड लाईटची रात्रपाळी. बारा वाजता मोटर चालू करायची, दोनला कॉक बदलायचा, पाचला बंद. 'रात्री लवकर झोपा' हा सल्ला देणाऱ्याने एकदा आमच्या विहिरीवर यावं. तरी जमेल तेवढं असं करता येतं : मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवा, द्राक्षाला ठिबक आहेच, कॉकचे गट असे लावा की रात्रीतून एकदाच उठावं लागेल. बॅटरी पिवळ्या प्रकाशाची वापरा, पण वापराच. अंधारात घोणसावर पाय पडला तर मेलाटोनिन घेऊन काय करायचं. परत आल्यावर खाटेवर पडून मोबाईल बघू नका. ज्या आठवड्यात दिवसपाळी असेल त्या आठवड्यात झोपेची वेळ रोज एकच ठेवा, संध्याकाळी सातनंतर चहा नको, आणि सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर या. सकाळचं ऊन मेंदूतलं घड्याळ जुळवतं, त्यामुळे रात्री मेलाटोनिन वेळेवर येतं.

वय वाढलं की ते कमीच होतं. तात्यांना पहाटे तीनला जाग येते त्याला हेही एक कारण. आणि रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल गटातल्या गोळ्या शरीराचं मेलाटोनिन कमी करतात. म्हणून झोप गेली असेल तर डॉक्टरांना तेवढं विचारा. गोळी मनाने बंद करू नका.

मग गोळी घ्यायची की नाही

उंदरांवर आणि काचेतल्या पेशींवर मेलाटोनिनने ऑर्गेनोफॉस्फेट, पॅराक्वाट, एमपीटीपी या सगळ्यांचं नुकसान कमी केल्याचे प्रयोग भरपूर आहेत. पण त्यांतला डोस बघा. उंदराला किलोमागे १० मिलिग्रॅम हा नेहमीचा आकडा. शास्त्रीय रीतीने माणसासाठी उतरवला तरी ६० किलोच्या माणसाला जवळपास १०० मिलिग्रॅम येतो, म्हणजे ३ मिलिग्रॅमच्या तीसेक गोळ्या. शिवाय त्या प्रयोगांत मेलाटोनिन बहुधा विषाच्या आधी किंवा बरोबरच टोचलेलं असतं. आपला माणूस वीस वर्षं फवारून मग गोळी मागतो. फवारणाऱ्या माणसाचा मेंदू गोळीने वाचतो हे माणसांवरच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांचा इतिहासही सांगतो की जपून. पार्किन्सनच्या रोग्यांना व्हिटॅमिन ई भरपूर देऊन पाहिलं, १९९३ मध्ये निकाल आला : आजार थांबला नाही. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या विडी-सिगारेटवाल्यांना बीटा कॅरोटिन दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग उलट १८ टक्क्यांनी वाढला. इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकातही अँटिऑक्सिडंट गुण आहेत, प्रयोगशाळेत ते मेंदूच्या पेशी वाचवतं. पण ६५ च्या पुढच्या स्त्रियांना संप्रेरकांच्या गोळ्या दिल्यावर स्मृतिभ्रंश वाढल्याचं २००३ मध्ये अमेरिकेत दिसलं. काचेत वाचतं ते माणसात वाचेलच असं नाही.

झोपेसाठी डॉक्टरांनी मेलाटोनिन दिलं तर जरूर घ्या. डोस थोडाच लागतो. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, नैराश्यावरचं फ्लुवोक्सामीन किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. घेतल्यावर सकाळी डोकं जड असेल तर ट्रॅक्टरवर बसू नका. ऑनलाईन मिळणाऱ्या रंगीत गमीज मी घरच्यांना देत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत २५ गमी तपासल्या तेव्हा २२ मध्ये लेबलावरचा आकडा चुकीचा निघाला. कुठे लिहिल्याच्या ७४ टक्के, कुठे ३४७ टक्के.

"मग आपली द्राक्षं खातो की, त्यात असतं म्हणे," असंही तात्या म्हणाले होते. असतं. २००६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी वाईनच्या द्राक्षांच्या सालीत मोजलं, सगळ्यांत जास्त निघालं ते एका ग्रॅमला जेमतेम एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. त्या हिशोबाने ३ मिलिग्रॅमच्या एका गोळीसाठी तीन टन नुसती साल खावी लागेल. द्राक्षं खावीत ती गोड लागतात म्हणून.

हळदीचंही तसंच. सांगलीची हळद जगात जाते, तिचा अभिमान आहेच, पण तिच्यातलं गुणाचं म्हणतात ते कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. भाजीत घालायची ती घालावी. फक्त सुटी, डोळ्यांत भरणारी पिवळीधमक पूड घेऊ नका. बांगलादेशात हळदीला रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट घालत असल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं, आणि शिसं तर मुलांच्या मेंदूचा वैरी. हळकुंड घ्या, दळून आणा.

विषबाधा झालीच तर

लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, छातीत खरखर, दंडाचे स्नायू आपोआप फडफडणं आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक. हे दिसलं की लिंबू-सरबत, मीठपाणी, दूध काही नाही. उलटी काढू नका. मोजे घालून त्याचे कपडे उतरवा, साबणाने भरपूर पाण्यात अंग आणि केस धुवा, कुशीवर निजवा, १०८ ला फोन करा. बाटली किंवा तिचं लेबल बरोबर न्या. डॉक्टरांना अ‍ॅट्रोपिन हा उतारा द्यायचा की आणखी काही ते त्यावर ठरतं. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर आहे, गावातल्या डॉक्टरलाही तिथे विचारता येतं.

सावकाश होणारं नुकसान ओळखणं कठीण. वर्षानुवर्षं फवारणाऱ्या माणसाला फोडणीचा वास येईनासा झाला, झोपेत हातपाय झाडून ओरडायला लागला, चालताना एकच हात हलेनासा झाला, सही बारीक होत गेली, किंवा बसल्या जागी एका हाताचा अंगठा थरथरू लागला, तर मिरज-सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या, आणि किती वर्षं काय फवारलं ते आपणहून सांगा. विचारलं जाईलच असं नाही.

आणि एक रक्ततपासणी

ही कुणी करत नाही, म्हणून वेगळी लिहितो. कोलिनएस्टरेज नावाची तपासणी असते. ऑर्गेनोफॉस्फेटने किती एन्झाइम बंद पाडलंय ते तिच्यात कळतं. गोम अशी की निरोगी माणसांतच तिचे आकडे फार मागेपुढे असतात. एखाद्याचं ३० टक्के घटलं तरी रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं. म्हणून आपला स्वतःचा मूळ आकडा हवा, आणि तो निदान महिनाभर फवारणी बंद असतानाच घेता येतो. आपल्याकडे तो काळ माल उतरल्यानंतर आणि खरड छाटणीच्या आधी, मार्चच्या शेवटी येतो. दुसरं रक्त छाटणीनंतरच्या भर फवारणीत, त्याच प्रयोगशाळेत. कॅलिफोर्नियात तांबड्या पेशींतला आकडा मूळच्या ७० टक्क्यांवर आला की कामगाराला फवारणीवरून काढतात आणि ८० टक्क्यांवर परत आल्याशिवाय घेत नाहीत. मॅन्कोझेब किंवा मोरचूद मात्र या तपासणीत दिसत नाही.

तात्यांचा मूळ आकडा मार्चअखेरीस काढून ठेवलाय. कागद माझ्या गल्ल्यात आहे, कारण घरी ठेवला तर त्यावर ते तंबाखूची पुडी बांधतील.